मागची काच

प्लास्टिकची आहे, तरी घरात तिला काचच म्हणतात.
हेरल्डच्या कापडी टपात मागे शिवलेली,
दोन हात रुंद, तिन्ही कडांना पितळी चेन.

फ्रेनीबाईंनी गाडी दिली तेव्हा
सिव्हिल लाइन्समधल्या त्यांच्या पोर्चमध्ये
किल्लीच्या आधी हातात ठेवला
फ्लॅनेलचा एक तुकडा. फिका पिवळा, त्यावर बदकं.
"टप पाडायच्या आधी चेन उघडायची, डिकरा.
काच आडवी निजवायची, वर हे पांघरायचं, मग घडी.
आणि थंडीत तर नाहीच नाही."
बदकांचं मी विचारलं नाही.
त्या घरात पाळणा कधी हलला नव्हता,
एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

अकरा वर्षं पाळलं.
मे महिन्यात तर काही करायचं कामच नसे.
सेहेचाळीस डिग्रीला ती इतकी मऊ
की पापडाच्या लाटीसारखी वळायची,
बोट टेकलं तर बोट उमटायचं.
एका कोपऱ्यात माझ्या पुतणीचा अंगठा होता,
चौथीतला.

पण डिसेंबर.
सकाळचे सात, नळाचं पाणी हाताला चावतंय,
मोरेश्वरच्या पोराला वर्धा रोडच्या लॉनवर
उघड्याच गाडीतून उतरायचं होतं.
"चला ना काका, लोकं थांबून राहिले."
फ्लॅनेल दोरीवर, ओलं.
चेन अर्धी.
मी टप मागे लोटला.

आवाज मोठा नव्हता.
अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा.
बँडवाल्यांना ऐकूही गेला नाही,
नवरदेव फेटा सांभाळत होता.
मी मात्र लॉनपर्यंत पहिल्या गिअरमध्येच गेलो,
जणू हळू गेलं की चीर मागे फिरेल.

गड्डीगोदामचा करामतभाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"काच असती ना साहेब,
तर एकदाच फुटून मोकळी झाली असती.
हे प्लास्टिक. याला घडी याद राहते.
जिथं एकदा मोडलं, तिथंच मोडू पाहते."
मग जुनी काच उसवली, नव्या शीटवर ठेवली,
खडूनं भोवती रेघ मारली,
आणि अंगठ्यासकट ती कोपऱ्यातल्या ढिगावर फेकली.
मी मागणार होतो.
मागितली नाही.

जुन्या काचेतून मागचं सगळं
ताकाच्या निवळीतून दिसावं तसं दिसायचं.
ट्रक म्हणजे एक पिवळा डाग, हॉर्न असलेला.
सदरचा चौक सुटला की सुटलाच.
नवी इतकी लख्ख
की मागच्या स्कूटरवाल्याची जांभई आरशात दिसते.
फ्रेनीबाईंच्या फाटकावरून जातो
तर फाटक लवकर पुसलं जात नाही,
वळणापर्यंत दिसत राहतं.
पत्रपेटीचं कुलूप.
त्यांचं म्हातारं कुत्रं,
आता वॉचमनच्या खाटेखाली.

हल्ली डिसेंबरात मी गाडी उलटी लावतो,
पाठ उन्हाला देऊन.
इंदू गॅलरीतून विचारते,
"काऊन जी, पूजा करून राहिले का तिची?"
साडेआठ. पालथा हात लावून पाहतो,
ताप पाहतात तसा.
गार.
चहा घेतो, पेपरातली तेरावी-चौदावी वाचतो.
अजून गार.
समोरचे देशकर विचारतात, असं ताटकळायचं असेल
तर उघडी गाडी ठेवायचीच कशाला?
त्यांचं बरोबर आहे.
मी त्यांनाही चहा देतो.

नऊ चाळीस.
तिन्ही बाजूंची चेन उघडतो.
कोपरा हळूच वाकवून पाहतो. कुरकुरत नाही.
आडवी निजवतो,
दोरीवरून फ्लॅनेल काढतो, झटकतो.
एका बदकाची चोच धुऊन धुऊन गेली आहे.
ते वरच्या बाजूला येईल असं पांघरतो.